टीव्हीच्या छोट्या पीसीला एसएसडी लावू की हार्ड डिस्क?

प्रश्न : नमस्कार. टीव्हीला जोडायला सेकंडहँड मिनी पीसी घेतलाय, आत एक एम डॉट टू स्लॉट आहे आणि एक अडीच इंची डिस्कची जागा, दोन्ही रिकामे. आमचं बघणं म्हणजे अर्धं ओटीटी आणि अर्धं साठवलेले सिनेमे आणि मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ. मित्र म्हणतो एक टीबीची एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क) टाक, नाहीतर फोर-के अडकेल. भाऊ म्हणतो साधी हार्ड डिस्क पुरे. बजेट खरंच कमी आहे, काय घेऊ?

उत्तर : फोर-के डिस्कमुळे जवळजवळ कधीच अडकत नाही, तेव्हा त्या भीतीपोटी पैसे घालू नका. साधा हिशोब बघा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं इंटरनेट मागतं, आठाने भागलं की सेकंदाला जेमतेम २ मेगाबाइट, आणि तेही नेटवरून येतं, डिस्कवर फारतर थोडा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा पडतो. साठवलेल्यातलं सगळ्यात जड म्हणजे फोर-के ब्लू-रे, त्याची कमाल मर्यादाही १५० मेगाबिटच्या आत, म्हणजे १९ मेगाबाइटपेक्षा कमी. लॅपटॉपमधून काढलेली जुनी ५४०० आरपीएमची डिस्कसुद्धा सलग वाचताना याच्या कितीतरी पट देते. साटा एसएसडी (जुन्या, हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास जाते, एनव्हीएमई काही हजार मेगाबाइटपर्यंत, पण सिनेमा तेवढं मागतच नाही तर ते देऊन करायचं काय!

अडकतं ते बहुतेक वेळा वायफायमुळे, नाहीतर पीसीच्या ग्राफिक्सला त्या व्हिडिओचा फॉरमॅट डिकोड करता, म्हणजे उलगडता येत नाही म्हणून. तुमचं मशीन सेकंडहँड आहे म्हणून हे आधी बघाच. इंटेल कोअर असेल तर १० बिट एचईव्हीसी (फोर-के सिनेमांचा नेहमीचा फॉरमॅट) सातव्या पिढीपासून पुढे नीट चालतं, एव्ही१ या नव्या फॉरमॅटसाठी अकरावी पिढी लागते. प्रोसेसर त्या त्या फॉरमॅटला लागतो त्याहून जुना असेल तर कुठलीही डिस्क लावा, त्यातलं फोर-के चित्र अडखळायचीच शक्यता जास्त.

मग भावाचं ऐकून सगळंच हार्ड डिस्कवर ठेवायचं का, तर तेही नको. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, मागे अपडेट चालू असताना डिस्कवर हजारो बारीक बारीक फायली वाचल्या-लिहिल्या जातात आणि हार्ड डिस्कचं हेड त्यासाठी सारखं इकडून तिकडे पळत राहतं, सिनेमा एकदा लागला की छान चालतो पण लागेपर्यंत रिमोट हातात धरून बसायचं. घरातले बाकीचे दोन दिवसांत कंटाळतात आणि परत टीव्हीच्याच अ‍ॅपवर जातात. म्हणून माझं मत सरळ आहे : सिस्टीम छोट्या एसएसडीवर, सिनेमे हार्ड डिस्कवर. विंडोज ११ कमीत कमी ६४ जीबी मागतं पण त्यात अपडेटला श्वास घ्यायला जागा उरत नाही, १२८ मध्ये भागतं, २४०-२५६ घेतली की विषय संपला. त्यात डीरॅम (आतली वेगळी मेमरी चिप) नसलेली स्वस्त एसएसडी पण चालेल, या कामाला फरक कळणार नाही.

आता खरेदीआधी झाकण उघडा. एम डॉट टू हा फक्त आकार आहे, त्याच आकारात साटा पण येते आणि एनव्हीएमई पण, आणि जुन्या मिनी पीसीत स्लॉट बऱ्याचदा दोन्हीपैकी एकच चालवतो. कार्ड आत बसतं, स्क्रू लागतो आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्क दिसतच नाही, मग माणूस डिस्कच खराब निघाली म्हणून परत करायला जातो. कार्डाच्या सोनेरी पट्टीवरच्या खाचा बघून थोडा अंदाज येतो, दोन खाचा असल्या तर बहुतेक साटा, एक असली तर बहुतेक एनव्हीएमई, पण अपवाद आहेत, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल उघडा आणि तिथे लिहिलंय तेच घ्या. लांबीही बघा, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, काही डब्यांत फक्त ४२ मिमीचीच मावते.

अडीच इंची जागेचं दुखणं जाडीचं. डिस्क ७, ९.५ आणि १५ मिमी अशा जाडीत येतात आणि छोट्या डब्यात बहुधा ७ चीच बसते, जास्त टीबीच्या डिस्क जाड असतात. शिवाय आजच्या एक-दोन टीबीच्या अडीच इंची डिस्क बहुतेक एसएमआर प्रकारच्या आहेत, त्यात डेटाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे सिनेमा वाचायला काही त्रास नाही पण एकदम ३००-४०० जीबी कॉपी करायला लावलं की मध्येच वेग पार बसतो. पहिल्यांदा सगळं भरताना रात्रभर लावून ठेवा. जुनी लॅपटॉपची डिस्क घरात पडून असेल तर तीच लावा, फक्त आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयित जागा) बघा, त्यांच्या रॉ व्हॅल्यूचे आकडे शून्याच्या वर असतील तर तिच्यावर भरवसा नको.

आणि मुलांचे व्हिडिओ फक्त या पीसीत ठेवू नका हो. सिनेमा परत मिळतो, ते नाही मिळत. पैसे उरले तर एनव्हीएमई मोठी घेण्यापेक्षा एक एक्स्टर्नल डिस्क घ्या, त्यावर दुसरी कॉपी करा आणि ती कपाटात ठेवा.

प्रश्न : एसएसडी न घेता पेन ड्राइव्हवर सिस्टीम टाकली तर? लिब्रेइलेक (फक्त सिनेमे-व्हिडिओ लावण्यासाठीची लिनक्स सिस्टीम) टाकायचा विचार आहे.

उत्तर : लिब्रेइलेक मुळात छोटंच आहे, पेन ड्राइव्हवरून चालतं. करून बघायला मस्त. पण पोस्टर, डेटाबेस, लॉग असं काहीबाही सतत लिहिलं जातं आणि साधे पेन ड्राइव्ह त्यासाठी बनलेलेच नसतात, एक दिवस न सांगता बंद पडतात. पटलं की छोट्या एसएसडीवर हलवा. विंडोज मात्र पेन ड्राइव्हवर नकोच.

प्रश्न : यूएसबीने जोडलेल्या डिस्कवरचा सिनेमा लावला की काही सेकंद काहीच होत नाही, मग चालू होतो. आणि रात्री आम्ही स्विच बंद करतो त्यामुळे डिस्कला काही होतं का?

उत्तर : डिस्क झोपलेली असते, फिरायला लागेपर्यंतचा तो वेळ आहे, बिघाड नाही. झोपायची वेळ सेटिंगमध्ये वाढवून अर्धा तास करा. सारखी झोपवून उठवण्यापेक्षा हेच बरं. बंद करायचं विचाराल तर आधी पीसी नीट शटडाउन करा, लाइट विझेपर्यंत थांबा, मग स्विच. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर जास्तच जपा, त्यात जर्नल (काय लिहिलं जातंय याची नोंदवही) नसतं, लिहिता लिहिता वीज गेली तर फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. डिस्क कायम विंडोजलाच जोडलेली राहणार असेल तर एनटीएफएस करा, लिनक्सला असेल तर ईएक्सटी४. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, तेव्हा आधी दुसरीकडे कॉपी घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा.