टेस्ट कधी पास, कधी फेल

प्रश्न: रुबीत कॅपिबारा आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारी टूल्स) वापरून टेस्ट लिहिल्यात, लॅपटॉपवर सगळ्या पास होतात पण सर्व्हरवर हेडलेस (ब्राउझरची विंडो न दाखवता) चालवल्या की सेव्हनंतरचा मेसेज सापडतच नाही, स्लीप ५ (५ सेकंद थांबणं) टाकलं तरी अधूनमधून फेल. काय करू?

उत्तर: आधी ते स्लीप काढा बरं. पेजचा टेक्स्ट घेऊन डबल इक्वलने (==) तुलना करत असाल तर कॅपिबारा मेसेजची वाट बघत नाही, त्या क्षणी दिसेल ते उचलतो आणि मोकळा होतो. त्याऐवजी हॅव्ह टेक्स्ट मॅचर (have_text, पेजवर तो मजकूर आहे का ते तपासणारा) वापरा, तो मेसेज येईपर्यंत परत परत बघतो, डीफॉल्ट २ सेकंद, सर्व्हर स्लो असेल तर वेट वाढवा. तरीही अडलं तर फेल होतानाचा स्क्रीनशॉट काढा, कारण हेडलेसमध्ये विंडो बऱ्याचदा छोटी असते आणि सेव्हचं बटणच मेनूत दडलेलं असतं (हे भलतंच कॉमन आहे!), मग विंडो साइज स्वतः ठरवून द्या.