करप्यावर अँटिबायोटिक फवारलं तर काय होतं?

प्रश्न : राम राम. आमची यावल तालुक्यात केळी आहे. मागच्या पावसाळ्यात करपा आला, दुकानदाराने स्ट्रेप्टोमायसीनची पुडी दिली, दोनदा फवारली. करपा जसाच्या तसा, उलट पानं फिकी पिवळी पडली. पोरगी अकरावीला आहे, दिवसभर आदिकेंद्रकी-दृश्यकेंद्रकी पाठ करते, ती म्हणे पप्पा तुमचं औषधच चुकलं. खरंय का?

उत्तर : पोरीचं बरोबर आहे भाऊ, आधी तिलाच विचारलं असतं तर पुडीचे पैसे वाचले असते.

स्ट्रेप्टोमायसीन हे जीवाणूंचं औषध, आणि जीवाणूची पेशी आदिकेंद्रकी. म्हणजे कशी, तर शेतातली एकखणी झोपडी समजा, चूल, खाट, बियाणं सगळं एकाच जागी. डीएनएचा बहुतेक वेळा एकच गोल धागा, तोही मोकळाच पडलेला, केंद्रक नाही. करपा ही बुरशी, ती दृश्यकेंद्रकी. तिचा डीएनए केंद्रकात बंद, ऊर्जेसाठी तंतुकणिका वेगळ्या, थोडक्यात केळीची आणि तुमची-माझी पेशी जशी खोल्या-खोल्यांची तशीच तिची.

आता खरी गोष्ट रायबोझोमची, म्हणजे प्रथिनं बनवायच्या मशीनची. जीवाणूत ते 70एस मापाचं, बुरशीत, केळीत, माणसात 80एस. स्ट्रेप्टोमायसीन त्या 70एसच्या छोट्या भागाला चिकटतं, मग जीवाणू चुकीची प्रथिनं बनवायला लागतो आणि मरतो. बुरशीच्या 80एसवर त्याचा जोर चालत नाही, म्हणून करपा हलला नाही.

मग पानं का पिवळी पडली? केळीची पानं पिवळी पडायला छप्पन्न कारणं असतात, त्यामुळे पैजेवर सांगत नाही, पण एक कारण या औषधातच आहे. पानाला हिरवा रंग देणारं हरितलवक हे मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने पोटात घेतलेला जीवाणूच, अमेरिकेच्या जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये ही कल्पना जोरात मांडली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आता पुस्तकात आहे. त्या हरितलवकात अजून 70एस जातीचंच रायबोझोम आहे! म्हणजे बुरशी सोडून औषध लागलं ते पिकाच्याच हिरवेपणाला. तंतुकणिकांचंही तसंच, टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन घेणाऱ्या काहींचे कान जायचे त्यात तंतुकणिकांचाही हात आहे.

करप्याला प्रोपिकोनॅझोल वगैरे बुरशीनाशक देतात ते वेगळ्या जागी घाव घालतं. बुरशीच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं, ते बनणंच थांबतं, आणि ते केळीतही नसतं, माणसातही नसतं. प्रमाण मात्र जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारून घ्या, दुकानात नको.

कंद सडतो, घाण वास येतो, झाड ओढलं की कंदापासून सुटतं, तो मात्र जीवाणूचा रोग. आणि केळीचा हरण्या रोग तर व्हायरसचा, व्हायरसला पेशीच नाही, तिथे कुठलीच पुडी चालत नाही, झाड उपटून नष्ट करायचं.

पोरीला एक सांगा, 70एसचे दोन भाग 30एस आणि 50एस असतात. बेरीज 80 येते म्हणून पुस्तक चुकलं असं नाही, एस म्हणजे वजन नाही, जोरात फिरवल्यावर कण किती वेगाने तळाला बसतो त्याचं ते माप आहे.