मागे काहीही न फेकता यान पुढे जाईल का? : एका काटेदुरुस्तीवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मागे काहीच न फेकता चालणारं अवकाशयान शक्य आहे का? एमड्राइव्ह नावाच्या अशा एका यंत्राला नासाच्या प्रयोगशाळेत जोर मिळाला होता म्हणतात, मग शास्त्रज्ञ ते मानत का नाहीत? आणि अकरावीतला भाचा जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधून असं यंत्र बनवायचं म्हणतोय, त्याला आशा दाखवू की थांबवू?

ओव्हनचं आधी सांगतो, कारण ते घाईचं आहे. तो उघडू देऊ नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. मी रोज इलेक्ट्रॉनिक्स हाताळतो, तरी त्या डब्याला सहसा हात लावत नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी रत्नागिरीत वजनकाटे दुरुस्त करतो. मिरकरवाड्याच्या जेटीवरचे मासळीचे काटे, बागायतदारांचे आंब्याचे, काजू कारखान्यातले आणि सोनारांचे. बी.एस्सी. भौतिकशास्त्रात केली, ती या धंद्यात उपयोगी पडली असं वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. तुमचा प्रश्न वाचून उत्तर द्यावंसं वाटलं, कारण मला तो अवकाशाचा कमी आणि काट्याचा जास्त वाटतो.

आधी एक शब्द नीट करू. लोक ‘विनाइंधन यान’ म्हणतात, पण या यंत्रांना वीज लागतेच. त्यांना नको असतं ते प्रणोदक, म्हणजे मागे फेकायचा माल. रॉकेट गरम वायू मागे फेकतं, म्हणून स्वतः पुढे जातं. वल्हं पाणी मागे ढकलतं, म्हणून होडी पुढे जाते. रॉकेटची गोची अशी की फेकायचा माल स्वतःच वाहून न्यावा लागतो, आणि तो माल वाहायला आणखी माल लागतो. इस्रोचं एलव्हीएम-३ उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टन असतं आणि भूस्थिर उपग्रहांच्या वाटेवर पोचवतं ते साधारण ४ टन. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने चाललंय. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. हे आकडे पाहिल्यावर कोणालाही वाटणारच की ही मालाची कटकट नसती तर! त्या वाटण्याला मी हसत नाही. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आऱ्यांत पारा भरलेलं आपोआप फिरणारं चाक वर्णन केलंय. एवढ्या मोठ्या माणसालाही तो मोह झाला, आपण कोण?

आता एमड्राइव्ह. रॉजर शॉयर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरची ही कल्पना, साधारण २००१ पासूनची. तांब्याचा बंद डबा, एक तोंड रुंद आणि एक निमुळतं, बुड कापलेल्या शंकूसारखा. आत मायक्रोवेव्ह सोडायचे. ते दोन्ही तोंडांवर आपटतात, पण रुंद बाजूला जोर जास्त पडतो आणि डबा सरकतो, असा दावा. डब्यातून बाहेर काहीच पडत नाही. म्हणजे होडीत उभं राहून आपलीच डोलकाठी ढकलायची आणि होडी जयगडला पोचायची वाट बघायची. तिरक्या भिंतींवर पडणारा दाबही हिशेबात धरला की बेरीज शून्य येते, हे कागदावरच दिसतं. म्हणून बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी पहिल्या दिवशीच मान हलवली.

पण मग मोजमाप आलं, आणि इथे गंमत सुरू झाली. चीनमध्ये शीआनच्या विद्यापीठात यांग जुआन यांच्या गटाने २.५ किलोवॅटला ७२० मिलिन्यूटन जोर मिळाल्याचं जाहीर केलं. म्हणजे जवळपास ७३ ग्रॅम वजनाइतका. नंतर ह्यूस्टनला नासाच्या ईगलवर्क्स या छोट्या प्रयोगशाळेत हॅरल्ड व्हाइट आणि मंडळींनी निर्वात टाकीत प्रयोग केला. २०१६ च्या शेवटी त्यांचा शोधनिबंध रीतसर तपासणी होऊन छापला गेला : किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन. वर्तमानपत्रांनी लगेच मंगळाच्या गाड्या सोडल्या.

माझी नजर मात्र दुसऱ्याच आकड्यावर गेली. त्यांनी डब्यात टाकलेली वीज होती ४० ते ८० वॅट. ८० वॅटला त्या हिशेबाने जोर येतो सुमारे शंभर मायक्रोन्यूटन, म्हणजे दहा मिलिग्रॅमचं वजन, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. आणि ज्या डब्याला तो जोर लागतोय म्हणायचं, तो कित्येक किलोचा, चालू केल्यावर तापणारा, जाड तारा जोडलेला. हे वाचून माझ्या मनात शास्त्रज्ञांच्या अहंकाराचा विचारच आला नाही. आमच्या बाजारातली एक अंगठी आठवली.

एका सोनाराने मला सकाळी सकाळी बोलावलं. म्हणे, काटा बिघडलाय. कारागिराने डाग देऊन आणलेली अंगठी ठेवली की वजन कमी दाखवतो, आणि अर्ध्या तासाने तीच अंगठी जड होते. “सोनं वाढतंय रे,” असं तो हसत म्हणाला, पण त्याचा खरा संशय कारागिरावर होता. मी शहाण्यासारखा लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन जाणणारा भाग, बदलला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी नुसता बसून राहिलो आणि बघितलं : अंगठी गरम असतानाच काट्यावर येत होती. काचेच्या पेटीत तिच्याभोवतीची हवा तापून वर चढायची, अंगठीला आणि पारड्याला किंचित उचलून धरायची. अंगठी निवली की वजन जागेवर. कारागीर निर्दोष, काटा निर्दोष, आणि नव्या लोडसेलचे पैसे मागायला मला तोंड नाही.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरला आहे. मिलिग्रॅमच्या गोष्टीत आधी उष्णता, मग तार, मग वारा, मग जमीन सपाट आहे का, आणि या सगळ्यानंतर चमत्कार. पावसाळ्यात आमच्या खाऱ्या दमट हवेत तर चमत्कारांची रांग लागते.

एमड्राइव्हचं पुढे अगदी याच क्रमाने झालं. यांग यांच्या गटाने २०१६ मध्ये बॅटरी यंत्रावरच चढवली, बाहेरून येणारी वीजतार काढून टाकली, आणि जोर गेला. राहिलं ते मोजण्याच्या चुकीच्या मर्यादेत बसणारं. स्वतःचाच दावा असा स्वतः खोडायला काय लागतं ते मला माहीत आहे, मी एक लोडसेल फुकट बदललेला माणूस आहे. मग जर्मनीत ड्रेस्डेनला मार्टिन टाजमार यांच्या गटाने २०१८ मध्ये युक्ती केली : वीज डब्यापर्यंत जवळपास पोचूच द्यायची नाही, वाटेतच जिरवायची. तरी काटा तेवढाच हलला! डब्याचं तोंड फिरवलं तरीही जोर हवा तसा बदलेना. म्हणजे जोर डब्यातून येतच नव्हता. तारांतला प्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र यांची ती ढकलाढकली असावी, असं त्यांनी म्हटलं. २०२१ मध्ये त्यांनी आणखी नीट काटा बांधून दाखवलं की उष्णतेने जोडणीचे भाग किंचित वाकतात आणि तेच जोरासारखं दिसतं. डबा वेगळ्या तऱ्हेने टांगला की जोर नाहीसा.

आता तुमच्या ‘का मानत नाहीत’चं दुसरं कारण, काट्याशिवायचं. किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन हा आकडा खरा धरा. जोर गुणिले वेग म्हणजे शक्ती. यान सेकंदाला ८३३ किलोमीटरच्या पुढे गेलं की त्याची गतिज ऊर्जा सेकंदाला एक किलोज्यूलपेक्षा जास्त वाढू लागते, आणि आपण देतोय एकच किलोवॅट. वरची ऊर्जा कोण देतं? त्याहून अडचणीचं म्हणजे, हा वेग कोणाच्या तुलनेत मोजायचा? आपल्या शेजारून सेकंदाला ९०० किलोमीटरने जाणारा कोणी बघत असेल, तर त्याच्या दृष्टीने तो टेबलावरचा डबा आत्ताच फुकट ऊर्जा देतोय. रॉकेटचा हिशेब जुळतो, कारण मागे गेलेला वायूही वहीत मांडलेला असतो. इथे वहीचं दुसरं पान कोरं आहे. संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग, त्याची एकूण बेरीज बदलत नाही) नियम मोडला की ऊर्जेचाही मोडतो, म्हणून शास्त्रज्ञ एवढे कडक.

कोणी तुम्हाला खुर्चीचा प्रयोग दाखवेल : पाय न टेकता बसल्या जागी झटके दिले की खुर्ची फरशीवर सरकते. खरंच सरकते. १९५९ मध्ये नॉर्मन डीन या अमेरिकन माणसाने असल्याच हिसक्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पण तिथे काम फरशीचं घर्षण करतं. अवकाशात फरशी नाही.

मग आशा कुठे? पुष्कळ आहे, फक्त ती बंद डब्यात नाही.

प्रकाशालाच संवेग असतो. साधी बॅटरी पेटवली तरी ती तुम्हाला मागे ढकलते, कळत नाही इतकंच. एका किलोवॅटला ३.३ मायक्रोन्यूटन. दाभोळच्या वीजप्रकल्पाची सगळी साडेएकोणीसशे मेगावॅट वीज एकाच झोतात बदलता आली, तर त्या झोताने मागे बसणारा धक्का साडेसहा न्यूटन, म्हणजे दोन-अडीच हापूस हातात धरल्याइतका. कंजूष आहे, पण नियमात आहे.

आणि हा कंजूष जोर खरोखर सापडला, तोही कोणी शोधत नसताना. १९७२ आणि १९७३ मध्ये सोडलेली पायोनियर-१० आणि ११ ही यानं सूर्यापासून दूर जाताना हिशेबापेक्षा अगदी किंचित जास्त मंदावत होती. जोर किती, तर तांदळाच्या दाण्याच्या हजाराव्या भागाइतका. गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकलाय का, इथपर्यंत चर्चा गेली. स्लाव्हा तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी जुन्या चुंबकीय फितींवरचा डेटा मिळवला, यानाच्या उष्णतेचा हिशेब मांडला, आणि २०१२ मध्ये उत्तर दिलं : यानातल्या अणुबॅटरीची आणि उपकरणांची उष्णता सगळीकडे सारखी बाहेर पडत नव्हती. एका दिशेला साधारण साठ वॅट जास्त, आणि तेवढ्याने यानाला ब्रेक लागत होता. तुमच्या भाच्याला सांगा, मागे माल न फेकता ढकललं गेलेलं यान त्याला हवं होतं ना, ते हे. कोणीही ते मुद्दाम बांधलं नव्हतं.

मुद्दाम बांधलेलंही आहे, शीड. आमच्याकडे इंजिनं येण्याआधी सगळी किनारपट्टी शिडावर चालायची, आणि कुठलाही तांडेल वारा होडीत भरून नेत नव्हता. सूर्यप्रकाश आरशासारख्या पडद्यावरून परतला की पृथ्वीजवळ चौरस मीटरला नऊ मायक्रोन्यूटन जोर देतो. जपानचं इकारोस मे २०१० मध्ये गेलं : १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड, ७.५ मायक्रोमीटर जाडीचं. सूर्यप्रकाशाचा जोर मोजला तो १.१२ मिलिन्यूटन. ईगलवर्क्सच्या त्या शंभर मायक्रोन्यूटनच्या दहापट, आणि मोजला तो टेबलावरच्या काट्यावर नाही, प्रत्यक्ष यानाच्या चालीवरून. त्याच डिसेंबरमध्ये ते शुक्राजवळून गेलं. २०१९ मध्ये लाइटसेल-२ ने ३२ चौरस मीटरच्या शिडाने पृथ्वीच्या कक्षेत हे करून दाखवलं, २०२४ मध्ये नासाने ८० चौरस मीटरचं शीड पाठवलं.

आपलंही आहे, आणि याचा गाजावाजा कधी झाला नाही याचं मला वाईट वाटतं. दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांचं चित्र यायचं, आणि ते पाहून आमच्याकडचे लोक होडी काढायची की नाही ते ठरवायचे. इन्सॅट-२ मालिकेतल्या हवामान टिपणाऱ्या उपग्रहांना सौरपट्ट्या एकाच बाजूला असत, कारण दुसरी बाजू उपकरण थंड ठेवायला मोकळी लागते. पण मग प्रकाशाच्या दाबाने उपग्रह एका अंगाला वळणार. म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांडी आणि तिच्या टोकाला छोटं सौरशीड. समतोल राखायला लावलेलं, अगदी माझ्या धंद्यातलं काम.

शिडाची उणीवही सांगतो. सूर्यापासून दुप्पट लांब गेलं की जोर चौथाई. गुरूच्या पलीकडे वारा जवळजवळ पडतोच. पुढे लेझरचा झोत मारायच्या कल्पना आहेत, पण त्यांचा विजेचा हिशेब दाभोळच्या उदाहरणासारखाच पोटात गोळा आणतो.

भाच्याला थांबवू नका. जो काही डबा त्याला बांधायचाय तो छोट्या सेलवर बांधू दे, सेल डब्यावरच चिकटवायला सांगा, बाहेरून एकही तार नको. तंगुसाने छताला टांगा. पंखा बंद, खिडकी बंद, माणसांनी श्वास जपून सोडायचा. एकदा डब्याचं तोंड उत्तरेला, एकदा दक्षिणेला. मग तेवढीच उष्णता देणारा साधा रेझिस्टर टांगून सगळं पुन्हा. प्रत्येक वेळचं वहीत लिहायला लावा, न हललेलंसुद्धा. एवढं करून डबा तोंडाच्या दिशेनेच वळत राहिला, आणि रेझिस्टर गप्प राहिला, तर मला इथेच कळवा. सोनाराचा काटा घेऊन मी स्वखर्चाने येतो.