पहिल्यांदा संडे स्कूल घेताना

अगं, संडे स्कूल म्हणजे चर्चमधला रविवारचा पोरांचा वर्ग; तिथं पहिल्याच रविवारी बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ करून घ्यायच्या मागे लागू नकोस. मी तेच केलं होतं. पोरं घडाघडा म्हणायची आणि बाहेर पडताच चपलांवरून मारामारी!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायापासून सुरुवात कर. एक शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा, येशूला विचारतो, 'माझा शेजारी कोण?' तिथेच थांब आणि तोच प्रश्न पोरांना टाक. आमच्याकडे एक म्हणाला, 'बॉल परत न देणारे आजोबा.' हसू दे त्यांना. मग येशूनं उत्तरादाखल सांगितलेल्या गोष्टीकडे ये: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या एका यहुदी माणसाला मदत करणारा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस. यहुदी आणि शोमरोनी यांचं आपसात पटत नव्हतं, हे आधी नाही सांगितलंस तर गोष्टीतला जीवच जातो. त्या शोमरोन्यानं जखमी माणसाच्या जखमांवर तेल अन् द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, वर उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले. म्हणजे तेव्हाच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. मोठ्या पोरांना हा हिशेब बरोबर लक्षात राहतो.

देवावरची प्रीती शिकवणं त्याहून अवघड. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 6:5 (देवावर पूर्ण मनानं प्रीती कर, हे वचन) वाचून दाखव, पण प्रार्थना त्यांच्या शब्दांत करू दे. एकानं डोळे मिटून म्हटलं, 'देवा, आज लाइट जाऊ देऊ नको.' मी टोकलं नाही. मे महिन्यातलं नागपूर, काय चुकीचं मागितलं त्यानं?

आणि शेजाऱ्यावरची प्रीती नुसती बोलून नको, करूनही दाखवू दे: उन्हाळ्यात गेटापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ ठेव. भरायची पाळी पोरांची, ग्लास विसळायचीही. झाकण मात्र दोरीनं बांध, आमचं दोनदा गेलं.