केबिनमधला टीव्ही: छत्री टपावर लावू नका

या वेळी ट्रकवाल्यांचे बरेच प्रश्न आलेत आणि फिरून फिरून विषय एकच, म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न: दादा, माझी गाडी पुणे-कोलकाता लाईनला असते. केबिनसाठी डीडी फ्री डिशचा बॉक्स, छोटी छत्री आणि २४ इंची टीव्ही घेतलाय. छत्री टपाच्या कॅरियरला नटबोल्टने आवळलीय. पुण्यात फिटरने सेट केली तेव्हा झकास दिसत होतं, पण गाडी हलली की नो सिग्नल. नागपूरच्या पुढं तर गाडी उभी असली तरी येत नाही, आलंच तर थोडे चॅनल येतात, थोडे नाही. छत्री मोठी घेऊ का? की बॉक्स खराब आहे?
— एक ड्रायव्हर, शिरूर

उत्तर: भाऊ, नव्या छत्रीवर किंवा बॉक्सवर एक रुपया खर्च करू नका, छत्री पण ठीक आहे आणि बॉक्स पण. गडबड आहे ती नटबोल्टची. फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ वरून येतात, हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्वेला, ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो, आपल्याला तो एकाच जागी दिसतो, आणि तुमची ६० सेंटीमीटरची छत्री आकाशाचा इतका बारीक तुकडा बघते की दीडएक अंश हलली तरी निम्मा सिग्नल गेला. गाडी नुसती गेटातून बाहेर वळली तरी नव्वद अंश फिरते, मग काय दिसणार! आणि मोठी छत्री घेतली तर हा तुकडा अजून बारीक होतो, म्हणजे उलट त्रास वाढेल. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकवर घुमटासारख्या डिश असतात, त्या आपोआप फिरून उपग्रह शोधतात, पण त्यातल्याही बऱ्याचशा गाडी उभी असतानाच चालतात, धावत्या गाडीत पकड ठेवणारी वेगळी येते आणि ती महाग. आपल्याला त्या भानगडीत पडायचंच नाही.

छत्री टपावरून काढा, तिला खाली ठेवायचा लोखंडी स्टँड करून घ्या आणि दहाएक मीटर केबल ठेवा. मुक्कामाला गाडी लागली, किंवा लोडिंगला नंबर लावून बसलात, की छत्री खाली जमिनीवर मांडायची, स्टँडवर एक दगड ठेवायचा. ढाब्यावर सावली बघून गाडी लावायची सवय असते आपल्याला, पण छत्रीच्या समोर झाड असलं की सिग्नल येणार नाही, कडुनिंब असो की पिंपळ.

आता दिशा, हे नीट वाचा कारण तुमचं दुखणं इथेच आहे. पुण्यात छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं, मोबाईलच्या होकायंत्रात साधारण १३२ अंश. नागपुरात १४५ आणि कोलकात्यात १६७, म्हणजे जवळजवळ दक्षिणच. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून लांब उभं राहून बघा, नाहीतर ते काहीही दाखवतं. वर-खालचा कोन तुमच्या लाईनला फारसा बदलत नाही, पुण्यात ५९ तर कोलकात्यात ६३. (दिल्लीकडे जाणाऱ्यांनी मात्र ५२ पर्यंत खाली आणायचा.) छत्री एवढी वर बघतेय असं डोळ्यांना वाटत नाही कारण आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, दिसतात त्यापेक्षा वीसपंचवीस अंश जास्तच वर बघतात, त्यामुळे अंदाजाने आभाळाकडे उताणी करू नका.

आणि जी गोष्ट फिटर सांगत नाहीत ती म्हणजे एलएनबीचा पीळ. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा, तो पुण्यात ४५ अंशाच्या आसपास वाकडा लागतो, नागपुरात ३३, कोलकात्यात जेमतेम १२. तुमचा पुण्याचाच पीळ ठेवून तुम्ही रायपूर, संबलपूर करत जाता, मग दिशा जुळली तरी क्वालिटी पडते, जोरातले चॅनल दिसतात आणि कमकुवत जातात. क्लँपचा स्क्रू थोडा सैल करून क्लीनरला टीव्हीसमोर बसवा आणि हळूहळू फिरवा. बॉक्सच्या सिग्नल मेनूत बघायचं क्वालिटीचा आकडा, स्ट्रेंथचा नाही! स्ट्रेंथ ९० दाखवते आणि क्वालिटी शून्य असते, असं सर्रास होतं. शेजारी ९५ अंशावर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, छत्री तिकडे लागली तरी स्ट्रेंथ छान दिसते आणि आपले चॅनल काही येत नाहीत.

फ्री डिशवरच्या खाजगी चॅनलच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, त्यामुळे एप्रिलमध्ये चॅनल गायब झाला म्हणून छत्री हलवू नका, आधी रिस्कॅन मारा.

प्रश्न: गाडी २४ व्होल्टची, टीव्ही १२ व्होल्टचा. वायरमनने एकाच बॅटरीवरून वायर काढून दिली. चालतोय मस्त, पण हल्ली सकाळी गाडी सेल्फ घेत नाही.
— वाचक, मिरज

उत्तर: ती वायर आजच काढा. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून असतात, अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट देतो, टीव्ही मात्र एकीचंच खातो, मग ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन उकळते, दोन्ही मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो तो लावा, दोन्ही बॅटऱ्यांवरून, मध्ये फ्यूज टाकून. टीव्ही आणि बॉक्स मिळून चाळीसएक वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास, रात्री दोन तास बघितलात तरी धडधाकट बॅटरीला त्याचं काही नाही.

प्रश्न: छत्रीची झंझटच नको, जुना काड्यांचा अँटेना केबिनवर लावला तर?
— वाचक, नगर

उत्तर: नाही. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग टॉवर थोडे सोडले तर २०२२ पर्यंत बंद झाले. त्यापेक्षा मोबाईल बरा, प्रसार भारतीचं वेव्ह्ज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनचे चॅनल लाईव्ह दिसतात. फक्त व्हिडिओची क्वालिटी कमी ठेवा नाहीतर दिवसाचा दीड जीबी जेवण होईपर्यंत संपेल, आणि घाटात रेंज गेली तर शिव्या देऊ नका.

प्रश्न: आमच्या चार गाड्या आहेत. पोरं म्हणतात टीव्ही डॅशबोर्डवर लावा, टाईमपास होतो. लावू का?
— एक मालक, जालना

उत्तर: अजिबात नको. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे ई-शिवनेरीच्या ड्रायव्हरने बस चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघितली, प्रवाशाने व्हिडिओ काढला आणि नोकरी गेली. मोबाईल हातात धरून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. टीव्ही सीटच्या मागे, बर्थच्या बाजूला लावा, झोपून बघता येतो. आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगून त्याच्या लाईनला एक रिले टाकून घ्या, चावी फिरवली की टीव्ही बंद. पोरं कुरकुरतील, दोन दिवस.