शब्दाच्या शेपटीला लागलेला ‘च’

प्रश्न : ताई, माझं वय २४. मूळचा सांगली जिल्ह्यातला, तीन वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. ती अभ्यासिकेत भेटली, दीड वर्ष झालं. मध्यंतरी तिने परीक्षेचा नाद सोडून नोकरी धरली आणि तेव्हापासून आमची भांडणं वाढली. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी सात फोन केले, तिने एकही उचलला नाही. रात्री भेटल्यावर म्हणाली, मीटिंग होती. माझं डोकं फिरलं. तिचा फोन हिसकावून फरशीवर आपटला, दंड धरून तिला हलवलं. वळ उठले. ‘दोन महिने भेटू नकोस, फोनही करू नकोस’ असं तिने सांगितलंय. मी तीन रात्री तिच्या हॉस्टेलखाली जाऊन थांबलो, फक्त सॉरी म्हणायला. तिने निदान ऐकून तरी घ्यायलाच पाहिजे होतं. मी वाईट मुलगा नाही. राग आला की माझं मला कळत नाही, वडिलांवर गेलोय. जिममध्ये बॅगवर ठोसे मारून राग बाहेर काढतो, तरी फरक नाही. काय करू? फोनच्या स्क्रीनचे ४,२०० रुपये झालेत. ते द्यायच्या निमित्ताने भेटू का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. स्क्रीनचा खर्च तुला शंभराच्या हिशेबात पाठ आहे. दंडाला वळ उठले तेव्हा ती काय म्हणाली, यावर मात्र एक ओळ नाही.

‘माझं मला कळत नाही’ हे मला पटलेलं नाही. तीन वर्षांत अभ्यासिकेच्या मालकाने कधी पंखा बंद ठेवला असेल, मेसवाल्याने पाणचट आमटी वाढली असेल, फ्लॅटवरच्या कुणी तुझ्या नोट्स न विचारता नेल्या असतील. तेव्हा कुणाचा फोन आपटलास? राग तेव्हाही आला असणार, पण हात खिशात राहिला. म्हणजे तुझा ब्रेक शाबूत आहे. तो कुठे दाबायचा आणि कुठे नाही, हे तुला बरोबर कळतं. वडिलांचंही तसंच. घरी ताट भिरकावणारी माणसं सोसायटीच्या सचिवासमोर टोपी सारखी करून उभी राहतात, हे मी माझ्या माहेरी डोळ्यांनी पाहिलंय. हे रक्तातून येत नाही रे. कुणावर उचललेला हात खपून जातो, ते आपण लहानपणी बघून ठेवलेलं असतं.

आता तो ‘च’. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती ‘विवेकनिष्ठ’ या नावाने मराठीत आणली. एलिसचं म्हणणं थोडक्यात असं : घटना आपल्याला भडकवत नाही, घटनेबद्दल आपण धरलेला हट्ट भडकवतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. ‘तिने फोन उचलला असता तर बरं झालं असतं’ यात नाराजी आहे. ‘उचललाच पाहिजे होता’ यात हुकूम आहे, आणि हुकूम मोडला की माणूस शिक्षा करायला निघतो. तुझ्या पत्रातही ‘ऐकून तरी घ्यायलाच पाहिजे होतं’ आहे, आणि तेही ज्या मुलीच्या दंडावर तुझी बोटं उमटली तिच्याबद्दल! आठवडाभर रोज रात्री दिवसातले हे ‘च’ वहीत लिहून काढ आणि प्रत्येक वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिही. पोरखेळ वाटेल. मी पन्नाशीत केलाय हा पोरखेळ. आमच्या घरी माझा राग भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचे.

नोकरीची गोष्ट तू एका वाक्यात उरकलीस. मला तर तिथेच पाणी मुरतंय असं वाटतं. तिचा पगार सुरू झाला, तुझे पैसे अजून घरून येतात. त्या संध्याकाळी ती मीटिंगमध्ये होती, तू अभ्यासिकेत. लाज वाटणं समजू शकते. पण लाज सांगता येत नाही म्हणून त्या लाजेचा राग करून तो दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा, ही पुरुषांना फार लहानपणी लागलेली खोड आहे.

बॅगेचं म्हणशील तर बंद कर. ब्रॅड बुशमन या संशोधकाने २००२ साली हे तपासलं. चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून बॅगेला ठोसे मारणाऱ्या विद्यार्थ्यांचा राग वाढला. काही न करता दोन मिनिटं नुसते बसलेले जास्त शांत होते. राग काही कुकरची वाफ नाही, तो सरावाने पक्का होतो. त्यापेक्षा भांडताना नाडी बघ. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. तेव्हा ‘अर्ध्या तासाने बोलतो’ म्हणून उठायचं आणि अर्ध्या तासाने खरंच परत यायचं. मधल्या वेळात भांडणाची उजळणी नको. बाईक तर नकोच.

मात्र हे सगळं तुझ्यासाठी, तिला परत मिळवायची युक्ती म्हणून नाही. ती येईल का, मला ठाऊक नाही. न येणं हा तिचा हक्क आहे. हॉस्टेलखाली पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मुलीने नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाण्याला भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तू स्पर्धा परीक्षेवाला, तुला मी काय सांगू. बोलायला माणूस हवं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव. मोफत आहे, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलता येतं.

राहिले पैसे. त्या निमित्ताने भेटायचं नाही. आजच जीपे कर. रकमेखाली दोन शब्द लिहायला जागा असते, ती रिकामी सोड.