बीएस्सी झाल्यावर नाच?

"मॅडम, आता तुम्हीच समजवा हिला. फर्स्ट क्लासमध्ये बीएस्सी झाली आणि म्हणते, नाच शिकायचाय. बाविसाव्या वर्षी!" आई बोलत होत्या, लेक खाली मान घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय निघून गेलं आणि शिकलेलं वाया जाणार, या दोन धास्ती घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी खूप आईवडील येतात. त्या दिवशी मी दोघींना नर्तकी पर्ल प्रायमसबद्दल सांगितलं.

पर्ल त्रिनिदादची. १९१९ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मली, लहानपणीच न्यूयॉर्कला आली. १९४० मध्ये हंटर कॉलेजातून जीवशास्त्राची पदवीधर झाली. पण काळ्या मुलीला प्रयोगशाळेत कोणी नोकरी देईना. सरकारी रोजगार योजनेतून ती एका नृत्यपथकात बदली नर्तकी म्हणून शिरली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'न्यू डान्स ग्रुप' या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण खऱ्या अर्थानं सुरू झालं. १९४३ मध्ये ती आफ्रिकी नृत्यावर बेतलेली स्वतःची रचना घेऊन रंगमंचावर उभी राहिली.

"म्हणजे सायन्स सुटलंच की," आई म्हणाल्या.

मला तसं वाटत नाही. त्या पहिल्या आफ्रिकी रचनेसाठी तिनं सहा महिने पुस्तकं, छायाचित्रं, संग्रहालयं धुंडाळली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेच्या दक्षिणेत गेली, मजुरांबरोबर कापूस वेचला, चर्चमध्ये बसून माणसं अंगानं प्रार्थना कशी करतात ते पाहिलं. १९४८ मध्ये रोझेनवाल्ड फेलोशिपवर आफ्रिकेत जाऊन तिथले नाच शिकली. पुढे अनेक वर्षं शिकवलं, आणि १९७८ मध्ये, साठीला टेकलेली असताना, न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएचडी मिळवली. बघायचं, पडताळायचं, मग मांडायचं, ही सवय मला तरी शास्त्राचीच वाटते.

एक गोष्ट मात्र मुलीला स्पष्ट सांगितली. "पर्लला दार बंद होतं. तुला ते उघडं आहे. मग तू का सोडतेस?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सोडायचं नाहीये. गुडघा वळतो तेव्हा आत काय होतं हे मला माहितेय. ते नाचताना वापरायचंय."

हे आईंनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. आम्ही ठरवलं ते साधंच: वर्षभर अर्धवेळ नोकरी, नाचाचा क्लास, रोज वहीत टिपण, तीन महिन्यांनी पुन्हा भेट.

उठताना आईंनी क्लासचं माहितीपत्रक लेकीच्या हातून घेतलं. "सकाळची बॅच असेल तर बघ. संध्याकाळची नको, यायला उशीर होतो."